आधी कंदील

हरिपूरच्या रस्त्याला, बाभळींच्या मागं,
तोंड मिटून बसलेली हळदीची पेवं आता थोडीच उरलीत.
पुराचं पाणी आत शिरलं, तेव्हा बरीचशी खचली.
त्यातलंच एक दस्तगीरमामा उघडत होता
आणि मी, आरवाड्यांच्या अडतीतली कारकून,
पोती मोजायला वही घेऊन उभी.

माती ओढली, फळ्या निघाल्या,
मी वाकले, तसा मामा ओरडला,
"मागं हो, पोरी! वरसाची कोंडलेली हवा हाय आत.
आज नुसतं तोंड उघडायचं, आन् बसायचं काठावर बिडी वढत.
उद्या आधी कंदील सोडायचा.
कंदील जळत ऱ्हायला, तर माणूस.
इझला, तर परत बसायचं."

त्याला कुठं ठाऊक,
मी रोज रात्री तीन वाजता
एकाच पेवात उडी टाकते, कंदिलाशिवाय.

आत एकच पोतं आहे.
बुधवार. पुकारा चाललेला, ढिगाभोवती गर्दी,
फोन गल्ल्याच्या खणात.
दोन चाळीसला अण्णांचा कॉल. उचलला नाही.
संध्याकाळी मिरजेत, दवाखान्याच्या जिन्यावरच
भावानं मान हलवली.

सहा वर्षं मी ते पोतं वर आणते, सोडते,
कांडी न् कांडी मोजते,
परत भरते, परत आत.
त्याचं वजन तेवढंच. माझं घटलं.

विचार करू नकोस, म्हणणारे पुष्कळ भेटले.
जसा काही विचार म्हणजे चहा,
डॉक्टरनं बंद केला की सुटतो.
वहिनीनं कुठूनसा ताईत आणून बांधला,
त्याचा दोरा हळदीनं पिवळा झाला, एवढंच.

त्या रात्री तीनला झाकण आपसूक सरकलं.
उडी टाकणार, तोच म्हटलं, थांब.
आज नुसतं तोंड उघडं.
अंथरुणात उठून बसले, काठावर.
बिडी नव्हती, बडीशेप खाल्ली.
कोंडलेली हवा वर येत राहिली:
उचलला असता तर, उचलला असता तर,
उचलला असता तर.
येऊ दिली.
साडेचारला खाली दुधाची कॅन वाजली.

दुसऱ्या रात्री कंदील सोडला.
म्हणजे एक साधा प्रश्न,
सहा वर्षांत मी तो विचारलाच नव्हता:
अण्णांनी फोन केला कशाला?

ज्योत हलली. विझली नाही.

सौद्याच्या दिवशी त्यांचा फोन यायचाच.
पस्तीस वर्षं हमाली केलेला माणूस,
पाठ घरी नेली, कान यार्डातच ठेवून गेलेला.
जेवण झालं की विचारायचे,
"काय दर फुटला, विजू?"
सांगितला की "बरं" म्हणून ठेवून द्यायचे.
वीस सेकंद.

म्हणजे असंही असेल,
की हाक नव्हतीच ती,
फक्त दर हवा होता.
किंवा असेलही हाक.
कळणार नाही. कधीच.
पण नुसती नावेची बाजू
सहा वर्षं मी अख्खं खातं म्हणून वाचत होते,
आणि म्हणे कारकून!

पोत्यामागं कडता धरतो आम्ही,
बारदानाचा, मातीचा, ओलीचा.
गोणपाटाला हळदीचा भाव कुणी देत नाही.
मी मात्र त्या बुधवारचं बारदान, माती, ओल,
सगळं हळद म्हणून तोललं
आणि माझ्या नावावर मांडलं.

आता बरी आहे, असं लिहिणार नाही.
परवाच न बघता उडी टाकली,
दिवसभर डोकं जड, दोन पावत्या चुकल्या.
पण बऱ्याच रात्री काठावर बसते.
ज्योत मंदावली तर दोर ओढून घेते,
माठातलं पाणी पिते,
कूस बदलते.

आणि बुधवारी, पुकारा संपला की,
गल्ल्याचा खण उघडते.
दोन चाळीस. फोन गप्प.
खणात बघून हळूच सांगते,
"अण्णा, सतरा हजार तीनशे."
दिवाणजी चष्म्यावरून बघतात.
मी पुढचं पोतं लिहायला घेते,
कडता धरून.