दर तिसऱ्या शनिवारी

जेल रोडवर, मोबाइल दुरुस्तीच्या दोन दुकानांमधल्या दवाखान्यात
मी कुपी तळहातांत धरून बसतो,
अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखा.
गेंदालालजींची शिस्त :
तेलातली दवा है, भिया, थंडी गई तो गाठ पडेगी.

पिवळसर. तिळाचं तेल, खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय.
त्यात कारखान्यात घडवलेलं पौरुष,
आम्लाची लांब शेपटी बांधलेलं;
शेपटीमुळे घाई करत नाही,
कुल्ल्यातून रक्तात उतरायला तीन आठवडे घेतं.
संक्रांतीला सुई उपसत गेंदालालजी म्हणाले,
मराठी त्यांना तेवढंच येतं,
तीळगूळ घ्या, गोड बोला.

चोविसाव्या वर्षापर्यंत मी फोनवर ताई होतो.
ताई, जरा साहेबांना द्या.
मी साहेबांना द्यायचो.
आत्या म्हणायची, आपल्याकडे सगळे उशिराच वाढतात.

खासगीवाले मॅडमनी रक्त घेण्याआधी
कॉफीची बाटली नाकाशी धरली. कसला वास?
मी म्हटलं, बाटलीचा.
लवंगेला गप्प बसलो.
कापराला म्हटलं, गार.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, गर्भात नाकाच्या वाटेनंच
काही पेशी मेंदूकडे निघतात,
वयात येण्याचा निरोप त्यांच्याजवळ असतो.
तुझ्या वाटेतच थांबल्या.

सराफ्यात रात्री लोक म्हणत, काय घमघमाट सुटलाय!
मी मान हलवायचो.
मला वाटायचं, ती बोलण्याची पद्धत आहे.

आता दीड वर्ष झालं.
आवाज आधी फाटला, मग खाली बसला.
हाडांचा रिपोर्ट बरा.
हनुवटीवर सतरा केस मोजले होते, मग मोजणं सुटलं.
मूल हवं असेल तेव्हा औषधं वेगळी. ते नंतर.
नाक असंच राहणार, तेही सांगून झालंय.

परवा आई धुण्याच्या बादलीपाशी
माझा शर्ट घेऊन उभी.
ई, घामाचा केवढा वास मारतोय, म्हणाली,
आणि पुन्हा नाकाशी नेला.
मी विचारलं, कसा गं?
बाबांसारखा नाही, म्हणाली.
थांब, परत बघते.