मठार

शेवटच्या शेकाच्या दिवशी त्या पोरानं विचारलं,
काका, मुखवटा घरी नेताय की टाकून देऊ?
पांढऱ्या प्लास्टिकची जाळी.
गरम पाण्यातून काढून तोंडावर दाबली होती,
गार होता होता माझं नाक, माझी हनुवटी तिनं धरून ठेवली.
कपाळावर मार्करनं नंबर, मानेशी लाल फुली.
तेहेतीस दिवस तिच्या आत पडून राहिलो.
"हलायचं नाही, काका."
हलतोय कुठे. टेबलाला कड्या ठोकून जखडलेला माणूस.

मंदा म्हणाली, ते घरात नको.
मग पिशवी कारखान्यात, खरवईच्या मागे,
संक्रांत होईपर्यंत.

जिभेचा तुकडा गेलाय. र येत नाही.
मठार म्हणायला गेलं की मठाल होतं,
आणि आळीतली पोरं तोंड फिरवून हसतात.
हसू देत.
हातातला र शाबूत आहे.

जाळीवरून माप घेतलं. पत्रा कापला.
पहिल्या दिवशी वीस ठोके, आणि दम.
तांबं ठोकलं की ताठरतं,
पुन्हा विस्तवात घालून मऊ करावं लागतं.
हे मला वडिलांनी नवव्या वर्षी सांगितलं होतं,
डॉक्टरांनी बासष्टाव्या.

एका दिवसाची एक ओळ, कपाळापासून खाली.
मध्ये एकदा यंत्र बंद होतं,
बाकावर बसून तसेच परत आलो होतो.
त्या दिवसाची पट्टी सपाट सोडली.
जबड्यापाशी हात जास्त चालला, पत्रा फाटला.
फाटलेलाच ठेवला. तिथे मीही फाटलो होतो.

बाकावर शेजारी याकूब बागवान असायचा.
मार्केटयार्डात गाळा, सासवडची सीताफळं.
दोघांनाही घोट उतरत नव्हता,
तरी रोज रुमालात एक फळ बांधून आणायचा.
चव गेली ना? मग वास घ्या, म्हणायचा, वास फुकट आहे.
फडताळात आमचे मुखवटे शेजारी शेजारी.
बाविसाव्या दिवशी त्याचा तिथेच राहिला.
मी मागितला.
नियमात बसत नाही, म्हणाले.

म्हणून दुसरा चेहरा आठवून केला.
त्याला साचा नाही, खुणा नाहीत, नंबर नाही.
मंदानं दोन्ही चिंचेनं घासले.
चिंच बघून तोंडाला पाणी सुटायचं,
आता लाळच नाही.
तिचे हात मात्र आंबट लाल झालेले, ते बघत बसलो.

पुतणीनं घोले रोडवरून एका मॅडमना आणलं.
त्या खूप वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
नाव द्या ना काका. झुंज. किंवा विजय.
मी म्हटलं, आम्ही किलोवर विकतो.
हसल्या.
मग दुसऱ्याकडे बोट करून, हे कोण?
मी सांगितलं.
घरच्यांना विचारलंत?

विचारलं नव्हतं.

गंज पेठेत गेलो, वर्तमानपत्रात गुंडाळून.
याकूबची बायको, मेहरून, दारातच म्हणाली,
आमच्यात तसबीर लावत नाहीत.
मी वळलो.
थांबा, म्हणाली. बघू तर द्या.
खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.
बोटानं भुवई, गाल, ओठ, सगळं चाचपलं,
भाजी निवडतात तसं, घाई न करता.
मला वाटलं रडेल. माझी तयारी होती.

"नाक एवढं बसकं नव्हतं," ती म्हणाली.
"आणि डावा गाल. डावीकडे हसायचा तो.
तुम्ही बघितला तेव्हा निम्मा राहिला होता.
मी सांगते, तसा करा."

खाली मोडा टाकून बसली आणि सांगत राहिली,
चहा निवून गेला.

सकाळपासून भट्टी पेटवतोय, कोळसा ओला आहे.
याकूबचं नाक ताठरलंय,
असं ऐकणार नाही.