पासंग

अठरा खोकी आली कॉर्वेनला, भर फेब्रुवारीत,
आणि एक पिशवी आलीच नाही:
स्टिअरिंगच्या दांड्याचे दोन बोल्ट.
नेस्टा मावशीने कारखान्याला फोन लावला,
वेल्शमध्ये शिवी दिली, इंग्रजीत आभार मानले
आणि बाकीची गाडी बांधायला घेतली.

दिवसा ती शाळेची बस चालवायची, नऊ टनांची.
संध्याकाळी गॅरेजात
एकेक वॉशर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची.
"वाढवायला काय लागतं," म्हणायची,
"कमी करायला अक्कल लागते."
म्हणून दारं नाहीत. छप्पर नाही. रेडिओचं नाव काढायचं नाही.
हीटर तिने खोक्यातून काढला,
तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत तोलला
आणि परत खोक्यात निजवला.
त्या निर्णयापायी आम्ही पंचवीस हिवाळे कुडकुडलो.

मी नऊ वर्षांचा. माझ्याकडे रिव्हेट.
ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, ओळीने भोकं,
दोन्ही हातांनी दाबायचं, मग टक्क,
आणि तुटलेली दांडी डब्यात.
डबा भरला की तोही काट्यावर.
"हे बघ. एवढं आपण गाडीत घातलं नाही."

बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ.
रेघ मोडलेली दिसली, तर बोल्ट सैल.
माणसांवर का ओढत नाहीत अशी, मी विचारलं.
तिने तेरा नंबरचा पाना मागितला.

पहिल्या तपासणीत नापास.
हेबल्थ्वेट नावाचे साहेब, हातात रबरी गोळा,
गोळा जिथे टेकेल तिथे धार नको.
डॅशबोर्डखालचा एक नट सापडला त्यांना, एकच.
दुसऱ्या खेपेस त्यावर टूथपेस्टचं झाकण बसवून नेलं.
पास झालो.
त्या झाकणाचे दोन ग्रॅम तिने अजून माफ केलेले नाहीत.

मग चार चाकांखाली चार काटे.
उजवीकडे मावशी, डावीकडे मी, एकतीस किलो.
माझं काम एकच: हलायचं नाही.
मान वळवली तरी पुढच्या डाव्या काट्यावर आकडे नाचायचे.
ती उतरायची, स्प्रिंगची कडी अर्धा आटा फिरवायची,
पुन्हा चढायची, वाचायची, पुन्हा उतरायची.
जेवणाची वेळ टळून गेली तरी मी बसून,
पारड्याखाली चिकटवलेल्या पासंगासारखा.

दर एप्रिलला हेच. अडतीस. बावन्न. एकोणसत्तर.
इतर पोरांच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर,
माझ्या त्या कडीच्या आट्यांवर.
मधल्या काळात कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आलं,
मागचे ब्रेक बदलले,
चासीच्या एका नळीला गंज चढला तेवढा तुकडा कापून नवा जोडला.
मी रेक्समला गेलो, परत आलो.
बर्विनच्या घाटात गाडी मात्र
तशीच वळायची, विचार मनात येताक्षणी.

यंदा तिचा खुबा क्लच दाबू देत नाही.
उजवीकडे मी. डावीकडे ती,
लोखंडी कमानीला धरून, पाय उचलून आत ठेवून.
वहीत तिच्या नावापुढे त्रेसष्ट.
काटे वेगळं बोलत होते.
"किती भरले?"
"त्रेसष्ट," मी म्हटलं.
जन्मभर ग्रॅम मोजलेल्या बाईसमोर
मी काटा मारला.

मग खाली उतरलो, गुडघे टेकले,
डावीकडची कडी खऱ्या वजनाला लावली.
एक आटा. आणखी एक. पिवळी रेघ.

वरून बराच वेळ काही आवाज नाही.
मग:
"माळ्यावर तो हीटर आहे बघ.
साडेचार किलो.
आता परवडेल."