मुद्दा क्रमांक सात

सोमवार, सकाळचे दहा. रबाळे, तिसरा मजला.
खिडकीत पारसिकचा डोंगर,
खाणीनं अर्धा खाल्लेला.
बाकीचे बोलतात. मी इतिवृत्त लिहिते.

अकरा सोमवार हा मुद्दा माझ्या वहीत आहे:
'माल निघायला उशीर.'
जबाबदारीच्या रकान्यात 'सर्व संबंधित'.
सर्व संबंधित म्हणजे कोण,
हे मी विचारायचं नसतं.

खरेदीचे आठल्ये म्हणतात, नवी पॅलेटं स्वस्त पडली,
नगामागे एकोणीस रुपये, हा बघा तक्ता.
धनावडे म्हणतात, आमचा माल पाचला तयार असतो,
पुढचं आम्हाला विचारू नका.
निलोफर मुकादम ओव्हरटाइमचा आकडा वाचतात,
दोनदा वाचतात,
दुसऱ्यांदा हळू.
एचआरचा लोटलीकर सांगतो, एका लोडरचं बोट चेपलं.
तो वेगळा विषय, मुद्दा तेरा.
तेरापर्यंत आम्ही पोचत नाही.
जेवण येतं.

लिहिताना मला कळतं,
एकही वाक्य खोटं नाही
आणि वाक्याला वाक्य लागत नाही;
एकाच घराच्या चार भिंती
चार गवंड्यांनी चार गावांत बांधाव्यात, तसं.

बाराव्या सोमवारी सबनीसबाईंनी
आठल्यांचा तक्ता चालू असतानाच प्रोजेक्टर बंद केला.
'चला खाली.'

गोदामाच्या शटरपाशी मढवी उभा होता,
बोटाला पट्टी.
इतके साहेब एकदम बघून त्यानं
फोर्कलिफ्टच पुढे घेतली.
वरचा थर शटरच्या कडेला टेकला. थांबला.
मग दोघं चढले, हातानं उतरवू लागले,
खोकं, खोकं, खोकं.
'नवी पॅलेटं आल्यापासून चार बोटं कमी पडतात,'
मढवी म्हणाला, आणि हात उभा धरून दाखवला,
पट्टीचं बोट त्या चारांतच.

'आधी का नाही सांगितलं?' लोटलीकर.
'सांगितलं की. वॉचमननं रजिस्टरात लिहून घेतलं.'

वर आल्यावर वाद झालाच.
शटर उंच करायचं तर कुणाच्या बजेटात?
थर कमी लावला तर ट्रकचं भाडं वाढणार,
आणि ते एकोणीस रुपये तर
वार्षिक अहवालात छापूनही झालेत!
मुकादम म्हणाल्या, 'खर्च माझ्याकडे टाका.
पण नाव एकच द्या.'

बराच वेळ नुसता एसीचा आवाज.
आठल्ये पेनचं टोपण काढत होते, लावत होते.
'लिहा. माझं.'

मी 'सर्व संबंधित' खोडलं.
त्या रकान्यात, मी इथं आल्यापासून,
पहिल्यांदाच एकवचन आलं.

चौदा तारीख दिली होती, ती उलटून गेली.
शटरवाला तळोज्याहून यायचाय.
मुद्दा सात वहीत आहे अजून;
पण आता मी तो वाचला की
आठल्ये खाकरतात.

आणि तेरावा मुद्दा
मी कुणाला न विचारता वर घेतलाय.
या सोमवारी तो आठवा आहे.