करू लालीय

तेरची शाळा. सातवी ब. निबंध : माझी आई.
बिभीषण वाघे लिहितो,
‘आई येरवाळी उठून भाकरी करू लालीय.’
लाल पेनाचं टोपण काढतो मी.
‘लागली’तला ग कुठं सांडलास रे?
‘सर, आमच्यात नसतोच तो.’

रात्री लाइट जाते. मोबाइलच्या उजेडात
कुणीतरी दिलेलं झेरॉक्स घेऊन बसतो :
आद्य-नॉर्स.
बर्फाकडच्या लोकांची जुनी बोली,
दगडावर, भाल्याच्या पात्यावर खरडलेली,
कुठं चार शब्द, कुठं दोन.
एका फणीवर तर एकच,
आणि तो फणीचा की फणीवाल्याचा
यावर विद्वानांचं अजून मिटलेलं नाही.

शिंगाला म्हणायचे होर्ना.
शेवटचा आ झडला. होर्न.
स्ताइना म्हणजे दगड, त्याचंही तेच.
दगडाचं सुद्धा!
पाहुण्याला गस्तिझ.
त्यातली इ उठून गेली
पण जाता जाता मागच्या अ-चा ए करून गेली : गेस्त्र.
पाहुणा गेल्यावर बाजेच्या सुंभात
खोलगा राहतो ना, तसा.
आपल्याकडं सुंभ तासाभरात वर येतं.
त्यांच्याकडं हजार वर्षं आलं नाही.

पुढं लिहिलंय, स्वर वाढले
आणि नेमकी तेव्हाच अक्षरं घटली,
चोवीसची सोळा.
का, ते पुढच्या पानावर असणार.
पुढचं पान झेरॉक्सवाल्यानं दोनदा काढलंय आधीचंच.

बाहेर तेरणेकडून कुत्री.
पांढरीच्या टेकाडात खापरं, मणी, शंखाच्या बांगड्या,
आणि त्या बांगड्या घालणारीचा
हत्थ.
कुणीतरी त्यातला एक वर्ण गिळला,
श्वास उरला म्हणून अ लांबवला,
हात झाला.
तेव्हाच्या गुरुजींनी किती भूर्जपत्रं
लाल केली असतील!
आणि मी त्याच चुकीनं
पेन धरलंय.

सकाळी वही परत देतो.
वर बारीक ‘लागली’ लिहिलंय, पेन्सिलीनं.
वार्षिक परीक्षा आहे, काय करणार.
बिभीषण बघतो, अंगठ्यानं पुसून पाहतो.
‘सर, हे राहू द्यायचं का खोडायचं?’

मला उत्तर सुचेना.
तेवढ्यात शिपाई दारात :
हेडसर बोलवू लालेत.
आणि मी, बी.एड., बावीस वर्षं मराठी शिकवणारा,
वह्या सावरत म्हणून जातो,
सांग त्यांना, येऊ लालो.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं.