मचूळ

नकाशात निळं छापलं होतं.
खिडकीतून दिसलं ते मातकट,
पावडरीचा चहा थंड होऊन साय धरावी तसं,
थेट क्षितिजापर्यंत.
"समुद्र?" मी विचारलं.
ओर्फिलाबाई चादर झटकत म्हणाल्या, "नदी."
जिन्यात त्यांचा भाचा म्हणाला, "समुद्रच. दुसरं काय?"
मोंतेविदेओत उतरून तास झाला नव्हता
आणि एका घरातलं जुनं भांडण
माझ्यामुळे पुन्हा उकरलं गेलं.

महिना जुलै. म्हणजे तिकडे ऐन हिवाळा;
तिकीट स्वस्त का पडलं ते विमानतळाबाहेर पडल्यावर कळलं.
संग्रहालय डागडुजीसाठी बंद.
दीपगृह वाऱ्यामुळे बंद.
बाजारात एकाच भट्टीत निखारे होते,
तिच्यापुढे एकटा बसून मी मांसाचा एक तुकडा
पाव तास चघळत राहिलो.
वेटर हात बांधून उभा.
त्याला घरी जायचं होतं, मला नव्हतं.

राजधानीत पाहायचं म्हणून जे जे असतं
ते दुपारी दोनलाच संपलं.
घोड्यावर बसलेल्या एका माणसाचे
मी चारी बाजूंनी फोटो काढले,
घोड्याचे जास्त चांगले आले.

रस्त्यावर ज्याच्या त्याच्या काखेत थर्मास.
ताप मोजायला धरावा तसा,
बसमध्ये चढताना, भांडताना, प्रेयसीला मिठी मारतानाही
न पडणारा.
काखेत कळसा त्यांच्या,
गावाला वळसा मात्र मी घालत होतो.

वळसा संपला तिथे धक्का सुरू झाला,
पाण्यात लांबवर गेलेला, दगडी.
त्याच्या टोकाशी गळ टाकून पाच-सहा जण,
आणि वाल्दिमार नावाचा एक दाट भुवयांचा म्हातारा.
त्यानं काही न विचारता माझ्या हातात भोपळ्याचं भांडं दिलं.
आत हिरवा पाला, वर वाफ, एक धातूची नळी.
ओढलं.
कडू. लहानपणी नाक दाबून पाजलेल्या काढ्याइतकं कडू.
भांडं परत देताना, विमानात पाठ केलेला
एकुलता एक शब्द मी मोठ्या ऐटीत म्हटला:
ग्रासियास.

त्यानंतर ते भांडं तासभर फिरत राहिलं,
उजवीकडच्या टोपीवाल्याकडे, तामाराकडे, तिच्या भावाकडे,
आणि दर फेरीला माझ्या नाकासमोरून
मी दीपस्तंभ असल्यासारखं वळून जाई.

शेवटी तामारालाच दया आली.
तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली:
आभार म्हणजे पुरे.
नको असेल तेव्हाच म्हणायचे.

मला हसू आलं.
आमच्याकडेही घरच्या माणसाचे आभार मानले
तर तो विचारतो, काय रे, रागावलास का?
एवढं ठाऊक असून
मी सोळा हजार किलोमीटरवर परका व्हायला
एक शब्द पाठ करून आलो होतो.

तेवढ्यात वाल्दिमारच्या गळाला मासा लागला,
चंदेरी, तडफडणारा, हातभर.
"खाऱ्या पाण्यातला," तो ओरडला, "समुद्र!"
"मागच्या आठवड्यात मिशाळ मासा कुणी धरला होता मग?"
टोपीवाला म्हणाला. "नदी!"
दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणा, म्हणजे पंच.

मी पायरी उतरलो, बोट बुडवलं, चाटलं.
आणि तोंडातून आपसूक आलं,
मचूळ.

काय? काय म्हणाला?
मचूळ.
ळ कुणाच्याच जिभेला जमेना.
माचुल, माचुर, माचू,
धक्क्यावर शब्द मला कधी मिळाला नाही तसा
हातोहात फिरला,
आणि त्याच्यामागून भांडंही आलं.
प्यायलो. परत दिलं. काही बोललो नाही.
पुन्हा आलं.

जीभ अंधार पडेपर्यंत कडू राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा
ओर्फिलाबाई गाऊनवर स्वेटर घालून दाराशी उभ्या होत्या.
वाटेसाठी कागदात गुंडाळून काहीतरी दिलं, गरम.
मी घेतलं, मान हलवली,
शहाण्यासारखा गप्प राहिलो.
त्या जरा थांबल्या.
मग दार लावून घेतलं.

इथे म्हणायचा होता तो शब्द,
हे विमानतळावर
कागद उघडताना लक्षात आलं.