सहा केळी, रविवारपर्यंत

गुरुवारी संध्याकाळी शरयूने ओट्यावर
सहा केळी ठेवली, ढोबळी मिरचीच्या रंगाची,
देठाला अजून चीक.
म्हणाली, रविवारी तुमच्या कंपनीची माणसं येणार,
केळ्याचा केक करीन म्हणते.
अठ्ठावीस वर्षं इथिलीन बनवलंत ना?
मग एवढी सहा केळी पिकवून दाखवा.

कोपरखैरण्याच्या आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच.
तिच्यातून पूर्वी फ्लेअरची ज्योत दिसायची.
रात्री भांडी घासायला दिवा लागत नसे,
असं शरयू अजून सांगते, थोडं वाढवून.
आता तिथे काचेच्या इमारती
आणि ज्योतीच्या जागी
कुठल्याशा बँकेचं निळं नाव.

फळवाला म्हणाला होता, पुडी देऊ का काका?
सकाळपर्यंत पिवळी धमक.
ती पुडी मला माहीत आहे.
मी त्याला कार्बाइड समजावून सांगायला लागलो,
तर त्याने माझ्या मागच्या बाईला पपई कापून दाखवली.

शुक्रवारी दुपारी माझा धीर सुटला.
एक केळं ओव्हनमध्ये ठेवलं,
दीडशे डिग्री, वीस मिनिटं.
साल काळीभोर, गर मऊ,
चव मात्र कच्च्या केळ्याच्या भाजीची,
तीही अळणी.
शरयूने चमचाभर खाल्लं,
माझ्या कलप लावलेल्या केसांकडे पाहिलं
आणि काही बोलली नाही.

उरली पाच.
मग मार लागलेलं एक सफरचंद शोधून आणलं,
दुखावलेलं फळ जास्त वायू सोडतं म्हणून.
मिठाईच्या दुकानातली खाकी पिशवी,
पाच केळी, मध्ये सफरचंद,
तोंडाला दोन घड्या,
आणि पिशवी तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरलेली.
आई आंब्याच्या अढीत कोपरापर्यंत हात घालून
ऊब बघायची.
आम्ही तेच थर्मोकपलने बघायचो
आणि त्याचा ओव्हरटाइम घ्यायचो.

रात्री अडीचला जाग आली.
सी शिफ्टची वेळ. कंपनी बंद होऊन इतकी वर्षं झाली,
शरीर अजून राउंड घेतं.
उठलो, डब्याचं झाकण काढलं, नाक लावलं.
टनावारी जायचा तो आमच्या पाइपांतून,
रंग नाही, वास म्हटला तर पुसट गोड.
आम्हाला भेटायचा तो फक्त गळतीच्या वेळी,
आणि भेटला की पळायचं,
वाऱ्याच्या उलट दिशेला, हेल्मेट सांभाळत.
आज मी तिथेच उभा राहिलो,
गंजीफ्रॉकात, तांदळाच्या डब्यावर वाकून.
लॉगबुक नव्हतं, म्हणून
गॅस सिलिंडरवाल्याच्या कॅलेंडरवर लिहिलं:
०२.४०. सर्व ठीक.

शनिवारी रात्री ठिपके आले.

रविवारी बोलावले होते सात, आले चार.
मधुमेह घरी ठेवून डिमेलो,
काठी घेऊन सुतार,
दर वाक्यात सिंगापूरचा मुलगा घेऊन पिल्ले,
आणि बनसोडेची बायको. बनसोडेऐवजी.
केक मध्यभागी जरा बसला होता.
एक केळं कमी पडलं, शरयू म्हणाली,
आणि ते कुठे गेलं
हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

बनसोडेबाईंनी दोनदा घेतला.
यांना आवडला असता, म्हणाल्या,
मग म्हणाल्या, छे, नाव ठेवलं असतं.
आम्ही सगळे एकदम हसलो,
कारण खरंच ठेवलं असतं.

सुतार बराच वेळ चावत राहिला.
पॅनेलवर असताना तो असाच गप्प असायचा,
काटा हलेपर्यंत.
मग विचारलं, प्रेशर किती ठेवलंस?
कागदाच्या दोन घड्या, मी म्हणालो.
त्याने मान हलवली,
चार्ज देताना हलवायचा तशी,
आणि सही करायला पेन शोधावं
तसा हात खिशाकडे नेला.
खिशात रुमाल होता.